अंबाजोगाईत लग्नाच्या फोटोग्राफीचा धंदा : चार लाखांत सुरुवात कशी करावी?

मांजराकाठ
अंबाजोगाई आणि आसपासच्या तालुक्यांत लग्नाच्या फोटो-व्हिडिओचं काम सुरू करायचं आहे. हाताशी चार लाख आहेत, थोडं कर्ज काढायची तयारी आहे. कॅमेरा आणि एडिटिंग येतं, धंद्याचं गणित येत नाही. पैसा आधी कशावर घालावा? गाळा घ्यावा का? भाव कसा काढावा? खेड्यातल्या लग्नात काम कुठे अडतं? माझा विचार असा आहे की एक भारी बॉडी आणि एक भारी लेन्स घ्यावी, कँडिडवर (पोझ न देता टिपलेल्या फोटोंवर) जोर द्यावा, बाकीचं मागून बघावं. जाणकारांनी सांगावं.

गोदातीर
एक भारी बॉडी हा विचार आधी सोडा. अंतरपाट एकदाच खाली येतो. त्या क्षणी कॅमेरा अडला तर दुसरा गळ्यात तयार हवा. त्याच पैशात दोन वापरलेल्या फुल फ्रेम बॉडी घ्या, एकाच मॉडेलच्या. बॅटऱ्या, चार्जर, बटणांची जागा, रंग, सगळं सारखं राहतं आणि एडिटिंगचा निम्मा त्रास वाचतो.

दोन कार्ड स्लॉट नसलेली बॉडी लग्नाला नको. सोनी ए७ थ्री, कॅनन आर६, निकॉन झेड६ टू यांना दोन स्लॉट आहेत. कॅनन आरपी आणि आर८ ला एकच आहे, निकॉनच्या पहिल्या झेड६ लाही एकच. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो लिहिले जातील अशी सेटिंग करा. एक भरल्यावर दुसरं सुरू होणारी सेटिंग ठेवली तर दुसऱ्या स्लॉटचा काही उपयोग नाही.

वापरलेली बॉडी घेताना मूळ बिल आणि शटर काउंट (आतापर्यंत किती क्लिक झाले) बघा (ए७ थ्रीचं शटर २ लाख क्लिकसाठी बनवलेलं आहे). एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की सेन्सरवरची धूळ आणि डाग दिसतात. मग लेन्सचं झाकण लावून ३० सेकंदांचं एक्स्पोजर घ्या. डीजेच्या लेझरने सेन्सर जळलेला असेल तर काळ्यावर रंगीत ठिपके किंवा रेघा उमटतात. हल्ली विकायला निघालेल्या कॅमेऱ्यांत हे फार दिसतं.

वाटणी ढोबळ अशी ठेवा : दोन बॉडींना पावणेदोन लाख, २४-७० एफ २.८ आणि ८५ एफ १.८ या लेन्स मिळून लाखभर, दोन फ्लॅश, ट्रिगर, बॅटऱ्या आणि कार्डांना पन्नास हजार. उरलेले ७५ हजार हार्ड डिस्क आणि संगणकाला. ७०-२०० लेन्स पहिली दोन वर्षं भाड्याने आणा.

कपिलधार
गोदातीर यांच्याशी सहमत, पण फ्लॅश दोन नाही, तीन घ्या. रिसेप्शनच्या रांगेत सलग उडवले की गरम होऊन आपोआप मंद पडतात. तिसरा पिशवीत थंड राहू द्या. आणि गोडॉक्सचा ट्रिगर (दूरचा फ्लॅश उडवणारं यंत्र) घेताना तो तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठीचाच आहे ना, हे खोक्यावर बघा. सोनी, कॅनन, निकॉनचे वेगवेगळे येतात.

बालाघाट
उपकरणांवर पन्नास उत्तरं येतील, म्हणून मी हंगामाबद्दल लिहितो.

आपल्याकडे तुळशीच्या लग्नानंतर सुरुवात होते. पौषात शांतता. खरी झुंबड चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठात. बीड, केज, धारूर, वडवणी, पाटोदा भागात याला आणखी एक कारण आहे. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं मार्च-एप्रिलमध्ये कारखान्यांवरून परततात आणि त्यांची लग्नं पुढच्या दीड-दोन महिन्यांतच उरकतात. एकाच तारखेला एका गावात तीन-तीन लग्नं असतात. सोयाबीनवाल्या पट्ट्यात, म्हणजे लातूर-धाराशिवकडे, माल विकला की नोव्हेंबर-डिसेंबरचीही बऱ्यापैकी लग्नं मिळतात. कापसाचा पैसा हातात खेळायला जानेवारी उजाडतो.

पंचांग घेऊन बसा आणि मोठ्या तिथी आधीच वहीत मांडा. अधिक मास बघा, गुरू-शुक्राचा अस्त बघा. २०२६ चंच घ्या : ज्येष्ठ अधिक, १७ मे ते १५ जून. ऐन हंगामातले चार आठवडे मोकळे आणि त्याआधीच्या तारखांवर दुप्पट गर्दी. कर्जाचा हप्ता ठरवताना हे डोक्यात ठेवा. बँक दर महिन्याला हप्ता घेते, तुमचं उत्पन्न चार-पाच महिन्यांत येतं. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय कर्जावर सही करू नका.

दुधना
आणि दुष्काळी वर्ष असेल तर? आधी ड्रोन आणि अल्बम कापतात, मग व्हिडिओ.

बालाघाट
@दुधना, बरोबर. म्हणून पॅकेज असं बांधा की दोन गोष्टी काढल्या तरी काम परवडेल. लग्न मोडत नाही, पॅकेज लहान होतं.

शिवना
मांजराकाठ, कँडिडवर जोर देण्याचा विचार चांगला आहे, तो सोडू नका. इथे त्याच त्याच स्टेजवरच्या फोटोंना लोक कंटाळले आहेत. आणि इन्स्टाग्राम बघून चौकशी करतात ते मुलगा-मुलगीच.

बालाघाट
चौकशी मुलगा-मुलगी करतात, पैसे वडील किंवा चुलते देतात. अल्बम घरी आल्यावर पहिल्यांदा काय शोधलं जातं? आत्या आहे का, मोठे मामा आहेत का, सोयऱ्यांचा आहेर देतानाचा फोटो आहे का. तो नसेल तर शंभर सुंदर कँडिड असूनही शेवटचा हप्ता अडतो. आपल्या भागात दोन माणसं लागतात : एक स्टेजवरून हलत नाही, दुसरा मोकळा फिरतो. बुकिंगच्या वेळीच घरच्यांकडून ३०-४० महत्त्वाच्या नातेवाइकांची यादी घ्या आणि लग्नघरातला एक जाणता पोरगा सोबत मागा, जो माणसं ओळखून हाताने धरून आणेल. मंगलाष्टकं सुरू झाली की सगळे मामा स्टेजवर चढतातच, तेव्हा निदान कोणता मामा कोणाचा हे तरी कळेल.

शिवना
यादीची कल्पना पटली. पण दोन माणसं म्हणजे खर्च वाढला. मग कँडिडचा भाव वेगळा लावा, त्याच पैशात देऊ नका.

तेरणामाई
परण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. नवरदेव मारुतीला जाऊन मांडवात येतो तो पाऊण-एक तास उन्हातला असतो. घोडा, हलगी, फटाके, नाचणारी पोरं आणि प्रचंड धूळ. तिथे लेन्स बदलायची नाही. एका बॉडीवर २४-७०, दुसरीवर ८५, हूड लावलेलं, कार्ड नवं. गुलाल उडत असेल तर बॉडीला पारदर्शक प्लास्टिक पिशवी आणि रबर. नंतर आधी ब्लोअर, मग ब्रश. ओल्या कपड्याने पुसलं तर गुलाल फटींत चिकटतो.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो. ४के व्हिडिओ सलग चालू ठेवला की काही बॉडी गरम होऊन बंद पडतात. स्क्रीन बाहेर ओढून ठेवा म्हणजे मागून उष्णता निघते, विधींच्या मधल्या वेळात रेकॉर्डिंग थांबवा, कॅमेऱ्यावर छत्री धरायला माणूस ठेवा. बॅटऱ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका.

महिलांनी या धंद्यात यावं असं मनापासून वाटतं. हळदीत, नवरीच्या तयारीत, मुस्लिम लग्नात महिलांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर मोकळेपणाने काम करू शकत नाही. छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेडकडे अशी मागणी आहे आणि त्या मानाने मुली कमी आहेत. मांजराकाठ, तुमच्या टीममधली दुसरी व्यक्ती बाई असेल तर निम्म्या घरांत विश्वास आधीच मिळतो.

पूर्णा
मांडवातल्या उजेडावर थोडं.

आपल्याकडच्या मांडवाचं कापड गुलाबी, भगवं, पिवळं. त्यावर फ्लॅश उडवून खाली परतवला तर सगळ्यांचे चेहरे त्या रंगाचे होतात आणि एडिटिंगमध्ये कितीही ओढलं तरी कातडीचा रंग नीट बसत नाही. तिथे वर बाउन्स करायचं नाही. स्टेजच्या एका बाजूला सात-आठ फूट उंचीच्या स्टँडवर फ्लॅश, त्यावर पांढरी छत्री, ४५ अंशांत. स्टँडच्या पायाला वाळूची पिशवी बांधा, कारण लेकरं त्याच्याभोवतीच पळतात. व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता ५२०० ते ५६०० केल्विनवर पक्का करा. हळदीच्या फोटोंत तर ऑटो हमखास फसतो. समोर सगळं पिवळं दिसलं की कॅमेरा निळं ओततो आणि हळद मळकट दिसते.

दुसरं, लाइटची लुकलुक (फ्लिकर). आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. व्हिडिओ २५ फ्रेमवर, शटर १/५० किंवा १/१००. कॅमेऱ्याची व्हिडिओ पद्धत पालवर (५० हर्ट्झसाठीची) ठेवा, एनटीएससीवर (६० हर्ट्झसाठीची) नको. खेड्यात वीज गेली की जनरेटर येतो आणि त्यावर डीजेचा भार पडला की त्याची गती उतरते, मग १/५० वरही पट्टे दिसतात. तेव्हा शटर थोडं थोडं हलवून (१/४८, १/४७ असं) पट्टे थांबतात तिथे ठेवायचं. मागे एलईडी भिंत असेल तर सायलेंट शटर बंद करून मेकॅनिकलवर या.

खाम
+१. आवाजाचं पण सांगा कोणीतरी. व्हिडिओत मंगलाष्टकांच्या जागी नुसता कल्ला ऐकू येतो.

पूर्णा
@खाम, साउंडवाल्याच्या मिक्सरमधून लाइन आउट घ्यायचा आणि छोट्या रेकॉर्डरमध्ये सोडायचा. रेकॉर्डरचं इनपुट माइक लेव्हलवर राहिलं तर आवाज फाटतो, ते लाइनवर करा आणि पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. तेवढ्यावर विसंबू नका. गुरुजींच्या उपरण्याला एक कॉलर माइक आणि कॅमेऱ्यावर एक, असे तीन स्रोत हवेत. साउंडवाल्याला भेटायचं ते मुहूर्ताच्या तासभर आधी. गर्दी झाल्यावर तो तुमचं ऐकणार नाही.

उदगीरकर
विधींचा अभ्यास करा, सगळ्या समाजांचा. देवक, सीमांतपूजन, कानपिळी, लाजाहोम, सप्तपदी, सूनमुख यांचा क्रम घराघरात बदलतो. आदल्या दिवशी गुरुजींना फोन करून विचारावा. बौद्ध पद्धतीच्या लग्नात अंतरपाट नसतो. वंदना, त्रिशरण-पंचशील आणि हार घालणं हे मुख्य क्षण, वधूवर पांढऱ्या वस्त्रांत, म्हणून एक्स्पोजर पांढऱ्यावर सांभाळायचं, नाहीतर साडीचा काठच दिसत नाही. निकाहमध्ये कबुली आणि निकाहनाम्यावरची सही काही मिनिटांत आटोपते, दोन ठिकाणी दोन माणसं लागतात. लातूर, उदगीर, उमरग्याकडे लिंगायत लग्नं भरपूर, तिथे जंगम स्वामींना आधी भेटून घ्या.

मुहूर्त १२:३५ चा असतो, अक्षता दोनला पडतात. तरी तुम्ही १२ ला जागेवर हवेत.

सोयाबीन
भावाचं गणित कोणी मांडणार का? तेच सगळ्यांना हवं असतं.

कपिलधार
मांडतो. आकडे समजण्यासाठी आहेत, आपल्या गावचे घाला.

समजा हळद आणि लग्न मिळून ५०,००० चं काम. सोबतचा फोटोग्राफर ५,०००, व्हिडिओवाला ८,०००, अल्बमचं डिझाइन आणि छपाई ९,०००, व्हिडिओ एडिटिंग ५,०००, गाडी ३,०००, हार्ड डिस्क-पेनड्राइव्ह १,५००. खर्च ३१,५००, उरले १८,५००. हाच नफा समजून माणसं फसतात. चार लाखांचं सामान चार वर्षं चालतं असं धरलं तर वर्षाला एक लाख झीज. वर्षाला २५ लग्नं असतील तर प्रत्येकावर ४,०००. हातात राहिले १४,५००, म्हणजे वर्षाला ३,६२,५००, महिन्याला साधारण ३०,०००. त्यात प्रत्येक लग्नामागे चार-पाच दिवस निवड आणि रंगकाम तुमचं स्वतःचं.

दुधना
पहिल्या वर्षी २५ लग्नं मिळत नाहीत, दहा धरा. १,८५,००० मधून लाखभर झीज गेली की ८५,००० उरतात. त्यावर घर चालत नाही. म्हणून पहिले दोन हंगाम जुन्या फोटोग्राफरांकडे रोजावर जा आणि स्वतःची दहा लग्नं करा. रोजाचं काम कमीपणाचं नाही, गिऱ्हाईक आणि नातेवाईक सांभाळायचं शिक्षण तिथेच मिळतं.

गोदातीर
दुधना यांच्या मुद्द्याला जोडून : गाळा नको. भाडं बारा महिने, काम पाच महिने. घरातली एक खोली, दोन नमुना अल्बम आणि भेट ठरवून गिऱ्हाइकाच्या घरी जाणं पुरतं. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स असा रोजचा धंदा जोडणार असाल तरच बसस्टँडजवळ गाळा परवडतो.

नमुना अल्बम मात्र उत्तम बनवा. आपल्याकडे १२ बाय ३६ चालतो, म्हणजे उघडल्यावर ३६ इंच. ३०० डीपीआयला फाइल १०८०० बाय ३६०० पिक्सेलची. मधल्या घडीवर चेहरा येऊ द्यायचा नाही आणि कडेला अर्धा इंच मोकळा सोडायचा. लॅबकडून त्यांचा रंगांचा प्रोफाइल मागून घ्या, आधी एकच शीट छापून बघा. मोबाइलवर उजळ दिसलेला फोटो कागदावर गडद येतो, यावरून फार भांडणं होतात.

खाम
ड्रोन घ्यावा का? सगळे मागतात.

पूर्णा
पहिल्या वर्षी घेऊ नका, परवानाधारकाला दिवसावर बोलवा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो. मायक्रो धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय चालतं, पण विमानतळाच्या ५ किलोमीटरच्या आत रेड झोन असतो. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा विमानतळाभोवती किती मंगल कार्यालयं आहेत बघा. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर जागा तपासल्याशिवाय होकार देऊ नका. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळे बिलाशिवाय मिळणाऱ्या मालापासून लांब राहा.

प्री-वेडिंगचंही तेच. बीबी का मकबरा, देवगिरी किल्ला, वेरूळ ही पुरातत्त्व खात्याची स्मारकं, तिथे ट्रायपॉड आणि ड्रोनला आधी परवानगी लागते. पावसाळ्यात सौताड्याचा धबधबा, म्हैसमाळ, कपिलधार छान. पण धबधब्याच्या कड्यावर जोडप्याला उभं करू नका, दगड शेवाळाने निसरडे असतात.

तेरणामाई
एक विषय राहिला आणि तो मराठवाड्यात सगळ्यात महत्त्वाचा आहे. बुकिंग घेताना वधूवरांच्या वयाचा पुरावा बघा. मुलगी १८, मुलगा २१. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ च्या कलम १० मध्ये असा विवाह लावणाऱ्याला आणि त्यात साथ देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे. फोटोग्राफर, मांडववाला, आचारी यांच्यावरही कारवाई होऊ शकते. ऊसतोडीच्या पट्ट्यात घाईत ठरलेल्या लग्नांत हे जास्त घडतं. करारात शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत जोडायची पद्धत ठेवा, सगळ्यांना एकच नियम, म्हणजे कोणाला टोचत नाही. संशय आला तर काम नाकारून थांबू नका, १०९८ वर कळवा. ग्रामीण भागात ग्रामसेवकाकडे (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) बालविवाह प्रतिबंधाची जबाबदारी असते. त्या मुलीचं पुढचं सगळं आयुष्य त्या फोनवर अवलंबून असतं.

उदगीरकर
तेरणामाई, हे लिहिल्याबद्दल आभार. हा नियम आपल्या सगळ्यांच्या दरपत्रकावर छापलेला असावा.

सोयाबीन
कर्ज कुठून? पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सेवा व्यवसायाला २० लाखांपर्यंत प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात खुल्या गटाला २५ टक्के अनुदान आणि १० टक्के स्वतःचा हिस्सा, महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक यांना ३५ टक्के आणि ५ टक्के. अनुदान तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकतं, लगेच हातात येत नाही. मराठा समाजातल्या तरुणांना अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा आहे, पण हप्ते वेळेवर भरले तरच. त्याआधी उद्यम नोंदणी करा, ती फुकट असते. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर दुकान कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. जीएसटी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपुढे, दर १८ टक्के.

मांजराकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं : दोन वापरलेल्या बॉडी, गाळा नाही, दोन हंगाम रोजावर आणि सोबत स्वतःची थोडी लग्नं. हंगाम सरेपर्यंत कर्ज नाही. शेवटचे दोन प्रश्न. डेटा कसा सांभाळता? आणि करारात नेमकं काय लिहिता?

गोदातीर
डेटा : २४ मेगापिक्सेलच्या तीन हजार रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ, न दाबलेल्या) फाइल साधारण ७५ जीबी, १०० एमबीपीएसचा ४के व्हिडिओ तासाला ४५ जीबी. एका लग्नाला अर्धा टीबी धरून चाला. त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रत, दोन्ही उघडून तपासायच्या, एक डिस्क दुसऱ्या घरात. अल्बम हातात पडेपर्यंत कार्डं पुसायची नाहीत. म्हणून कार्डं जास्त लागतात, तिथे काटकसर नको. पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा, नाहीतर बुरशी धरते.

कपिलधार
करार एका पानाचा, मराठीत. तारीख, जागा, किती माणसं, कोणते कार्यक्रम, किती तास, अल्बमची शीटं किती, व्हिडिओ किती मिनिटांचा. पैसे तीन टप्प्यांत : तारीख पक्की करताना इसार ३० टक्के, हळदीच्या दिवशी ५० टक्के, अल्बम छापायला टाकण्याआधी २०. अल्बम दिल्यावर पैसे, असं कधीच ठेवू नका. लग्नाची तारीख पुढे गेली तर इसाराचं काय, हेही लिहा. घरात मृत्यू झाला किंवा सोयरीक मोडली तर माणुसकीने वागा, पण कागदावर नियम असू द्या.

सगळ्यात विसरली जाणारी ओळ : कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा आणि व्हिडिओचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाईक असतं. म्हणजे तुमच्या इन्स्टाग्रामवर त्यांचा फोटो टाकायला त्यांची लेखी संमती हवी. त्यासाठी करारात वेगळी चौकट ठेवा आणि वधू, वर दोघांचीही सही घ्या. एकट्या वडिलांच्या सहीवर टाकू नका.

शिवना
आणि फोटो निवडायला ४५ दिवसांची मुदत लिहा. नाहीतर पहिलं बारसं होतं तरी निवड येत नाही, आणि मग अल्बम जुन्याच भावात मागतात.

दुधना
मुदत संपली तर शीटांचा त्या वेळचा दर लागेल, ही ओळ त्याखालीच टाका. मांजराकाठ, केजकडे रोजावर यायचं असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा. चैत्राच्या तारखांना दुसरा माणूस लागणारच आहे.